आतड्याचे अस्तर आणि आयबीडी: संबंध समजून घेऊन योग्य निर्णय कसे घ्यावेत

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोहन्स आजाराचे निदान झाल्यावर रुग्ण आणि त्याच्या घरची माणसे माहिती शोधू लागतात, तेव्हा 'गळके आतडे' किंवा 'लीकी गट' हा विषय त्यांच्यासमोर फार लवकर येतो आणि त्याच्या पाठोपाठ अस्तर दुरुस्त करण्याचा दावा करणारी चूर्णे, कॅप्सूल आणि महागड्या चाचण्याही येतात. या दोन आजारांना मिळून आयबीडी, म्हणजे आतड्याचा दीर्घकालीन दाहक आजार, असे म्हटले जाते. आतड्याच्या अस्तराची अटकाव करण्याची क्षमता या आजारात ढासळते, हे संशोधनाने पक्के झालेले आहे. मात्र त्यावरून 'आधी अस्तर दुरुस्त करा, औषधांची गरज आपोआप संपेल' असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे आणि अनेकदा धोक्याचेही ठरते. अस्तर आणि दाह यांचे नाते नेमके काय आहे आणि त्या माहितीचा उपयोग तपासण्या, औषधे, आहार आणि पूरक पदार्थ यांविषयीच्या निर्णयांत कसा करावा, हे येथे क्रमाने मांडले आहे.

अस्तराची रचना आधी समजून घ्यावी

आतड्यातील अब्जावधी जिवाणू आणि आपले शरीर यांच्यामध्ये पेशींचा फक्त एकेरी थर असतो. या थरातील पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडून जातात आणि अस्तराच्या खोलगट कुपिकांमधील मूळ पेशींपासून नव्या पेशी वर सरकत त्यांची जागा घेतात. एवढ्या नाजूक थराने अन्नरस आणि पाणी आत घ्यायचे आणि त्याच वेळी जिवाणूंना बाहेर ठेवायचे असते. म्हणूनच निरोगी आतड्याचे अस्तरही पूर्णपणे बंद नसते. ते निवड करून काही गोष्टी आत सोडते, आणि 'पारगम्यता', म्हणजे पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता, थोडीफार असणे हा दोष नसून त्याच्या कामाचाच भाग आहे.

या पेशींच्या वर श्लेष्म्याचे, म्हणजे बुळबुळीत चिकट द्रवाचे, आवरण असते. मोठ्या आतड्यात या आवरणाचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू राहतात, तर पेशींना लागून असलेला आतला घट्ट थर जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. ही रचना स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिली. हा श्लेष्मा गॉब्लेट पेशी तयार करतात आणि त्याचा मुख्य घटक म्यूक-२ नावाचे प्रथिन आहे. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन तयारच होत नाही, त्यांना आपोआप कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, होतो. लहान आतड्यात पॅनेथ पेशी जिवाणूनाशक द्रव्ये सोडतात, आणि श्लेष्म्यात मिसळणारी आयजीए प्रतिपिंडे जिवाणूंना अस्तरापासून दूर ठेवतात. शेजारच्या दोन पेशींमधील फट क्लॉडिन आणि ऑक्लुडिन यांसारख्या प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी आवळलेली असते. 'गळके आतडे' म्हणताना बहुतेक लोकांच्या मनात फक्त हे सांधे असतात, पण श्लेष्मा, प्रतिपिंडे, सांधे आणि त्यांच्याखालच्या प्रतिकारपेशी मिळून अटकाव होतो, हे लक्षात ठेवले म्हणजे एखादी गोळी 'सांधे जोडते' असा दावा ऐकल्यावर तो किती तोकडा आहे हे कळते.

दाह आधी की अस्तराचा बिघाड आधी

आयबीडीमध्ये हे सगळे स्तर कमीअधिक प्रमाणात बिघडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये गॉब्लेट पेशी घटतात आणि श्लेष्म्याचा आतला थर जिवाणूंना पार करता येईल असा विरळ होतो; बायोप्सीच्या अहवालात गॉब्लेट पेशी कमी झाल्याचा उल्लेख आढळतो तो याच कारणाने. क्रोहन्समध्ये क्लॉडिन-२ हे क्लॉडिन गटातलेच, पण सांधा आवळण्याऐवजी त्यात छिद्र पाडणारे प्रथिन वाढते. २००१ साली क्रोहन्सशी जोडले गेलेले पहिले जनुक, नॉड-२, हे जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखण्याचे काम करते, म्हणजे या आजाराची आनुवंशिक बाजूही अस्तर आणि जिवाणू यांच्या सीमेवरच सुरू होते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा प्रश्न अनेक दशके चर्चेत होता. १९८६ साली असे आढळले होते की, क्रोहन्सच्या रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांमध्येही पारगम्यता वाढलेली असते. पुढे कॅनडातून चालवलेल्या एका मोठ्या अभ्यासात क्रोहन्सच्या रुग्णांच्या १,४२० निरोगी जवळच्या नातेवाइकांना, म्हणजे भावंडांना आणि मुलांना, लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन शर्करा पाजून लघवीतील त्यांचे प्रमाण मोजले गेले. मॅनिटॉलचा रेणू लहान असल्याने तो सहज आत शिरतो, लॅक्टुलोजचा मोठा रेणू मात्र फट रुंदावली असेल तरच शिरतो, त्यामुळे दोघांच्या गुणोत्तरावरून अस्तराची स्थिती कळते. पुढील काही वर्षांत त्यांपैकी ५० जणांना क्रोहन्स झाला, आणि ज्यांचे गुणोत्तर सुरुवातीला जास्त होते त्यांच्यात हा धोका सुमारे तिप्पट होता. निदान होण्याच्या तीन वर्षांहून अधिक काळ आधी केलेल्या चाचणीतही हा संबंध दिसला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवरून अस्तराचा बिघाड हा केवळ दाहाचा परिणाम नाही, हे बऱ्याच अंशी स्पष्ट झाले. तरीही पारगम्यता वाढलेल्या बहुसंख्य नातेवाइकांना त्या काळात आजार झाला नाही, ही दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे.

उलट्या दिशेचा पुरावा त्याहून बळकट आहे. दाहात तयार होणारे टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक घटक पेशींमधील आकुंचन पावणाऱ्या तंतूंना चालना देऊन सांधे सैल करतात आणि टीएनएफमुळे पेशी अवेळी मरतातही. सांधे सैल झाले की जिवाणूंचे अंश आत येतात, प्रतिकारपेशी चिडतात, आणखी टीएनएफ तयार होते आणि सांधे आणखी सैल होतात. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडावे लागते आणि आजच्या घडीला ते तोडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग दाह आटोक्यात आणणे हाच आहे. बेल्जियममधील लव्हेन येथे २००२ साली असे आढळले की, टीएनएफला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर क्रोहन्सच्या रुग्णांची वाढलेली पारगम्यता बरीचशी पूर्ववत होते. अस्तर दुरुस्त करणारे औषध कोणते, असे कोणी विचारले तर या अर्थाने आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध हेच त्याचे पहिले उत्तर आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

पहिले पाऊल: निदानाची खात्री करून घ्यावी

आपल्याकडे शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती उपाय केले जातात, आणि वारंवार आव पडली की अमीबावरची गोळी मेडिकल दुकानातून आणली जाते. चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागणे, वजन घटणे, रक्तक्षय, बारीक ताप किंवा गुदद्वाराजवळ वारंवार होणारे गळू यांपैकी काहीही असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, आणि बायोप्सी करून घ्यावी.

भारतात आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोहन्स हे दोन्ही आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि त्याला जोडलेल्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात वारंवार आढळतात, दोन्हींत व्रण आणि अरुंद जागा दिसतात आणि कधी कधी बायोप्सीवरूनही फरक कळत नाही. क्षयरोग असताना स्टेरॉइड किंवा टीएनएफरोधक इंजेक्शन दिले गेले तर क्षयरोग शरीरभर पसरू शकतो. म्हणून डॉक्टरांनी आधी काही आठवडे क्षयरोगाची औषधे देऊन पुन्हा दुर्बीण तपासणी करायचे ठरवले, तर तो वेळकाढूपणा समजू नये. मात्र तेवढ्या काळात व्रण भरले की नाहीत, याची फेरतपासणी चुकवू नये, कारण पोटदुखी कमी झाल्याने केवळ बरे वाटणे हा पुरावा पुरेसा नसतो. टीएनएफरोधक औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयरोगासाठी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी झाली आहे ना, हे रुग्णाने स्वतः विचारावे.

दुसरे पाऊल: योग्य गोष्ट मोजावी

अस्तराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चाचण्यांमध्ये रक्तातील किंवा शौचातील झोन्युलिन, म्हणजे पेशींमधील सांधे सैल करणारे प्रथिन, मोजणारी चाचणी सर्वाधिक प्रचलित आहे. बाजारातील काही झोन्युलिन किट प्रत्यक्षात वेगळीच प्रथिने मोजतात, असे दाखवले गेले आहे, त्यामुळे त्या आकड्यावरून आयबीडीचा कोणताही निर्णय घेता येत नाही. शेकडो अन्नपदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचण्यांचीही तीच गत आहे. अशी प्रतिपिंडे तो पदार्थ खाण्यात असल्याचे दाखवतात, तो सोसत नसल्याचे नव्हे. अशा अहवालावरून दूध, गहू, डाळी आणि अंडी एकदम बंद केलेला रुग्ण आधीच घटलेल्या वजनातून आणखी खंगतो, आणि ही हानी मला या साऱ्या व्यवहारातील सर्वांत क्लेशदायक वाटते. लॅक्टुलोज-मॅनिटॉल चाचणी संशोधनात उपयुक्त आहे, परंतु एकट्या रुग्णाच्या उपचारात तिच्यामुळे बदल होईल असे सध्या काही नाही.

त्याऐवजी शौचातील कॅलप्रोटेक्टिन मोजावे. हे पांढऱ्या पेशींमधून येणारे प्रथिन आहे आणि आतड्यातील दाह वाढला की त्याचे प्रमाण वाढते. दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण सामान्यतः निर्धोक समजले जाते, २५० पेक्षा जास्त प्रमाण सक्रिय दाहाकडे निर्देश करते आणि मधल्या आकड्यांचा अर्थ डॉक्टरांनी लक्षणांसह लावायचा असतो. जंतुसंसर्ग आणि वेदनाशामक गोळ्या यांनीही हा आकडा चढतो, म्हणून चाचणीआधीच्या दिवसांत अशा गोळ्या घेतल्या असतील तर ते सांगावे आणि शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेतून चाचणी करून सर्व अहवाल तारखेनुसार लावून ठेवावेत.

लक्षणे थांबली म्हणजे अस्तर भरून आले असे नसते. २०२१ साली अद्ययावत झालेल्या आंतरराष्ट्रीय उपचार-उद्दिष्टांमध्येही केवळ आराम पुरेसा न मानता दुर्बिणीतून दिसणारे अस्तराचे भरून येणे हे दीर्घकालीन उद्दिष्ट ठरवले आहे. त्यापुढचे एक पाऊल जर्मनीतील एरलांगेन येथील संशोधकांनी टाकले. लक्षणे शांत असलेल्या १८१ रुग्णांचे अस्तर त्यांनी विशेष सूक्ष्मदर्शी दुर्बिणीने पाहिले, तेव्हा ज्यांच्या अस्तराची अटकाव-क्षमता पूर्ववत झाली होती त्यांना पुढे गंभीर त्रास होण्याचे प्रमाण कमी होते, आणि हा अंदाज नेहमीच्या दुर्बीण तपासणीपेक्षा व बायोप्सीपेक्षाही अधिक अचूक ठरला. २०२३ साली प्रसिद्ध झालेले हे तंत्र अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही, पण शांत काळातही औषध का चालू ठेवायचे, याचे कारण त्यातून नीट कळते.

याच्या उलट परिस्थितीही येते. कॅलप्रोटेक्टिन सामान्य असते, दुर्बिणीत अस्तर भरलेले दिसते आणि तरीही पोटात मुरडा येतो किंवा शौच पातळ होते. अशा काही रुग्णांमध्ये सूक्ष्म पातळीवर पारगम्यता वाढलेली आढळली आहे. अशा वेळी स्वतःच्या मनाने जुन्या चिठ्ठीवरचे स्टेरॉइड सुरू करू नये, तर आतड्याची संवेदनशीलता, पित्तक्षारांमुळे होणारे जुलाब किंवा दुधातील साखर न पचणे यांची शक्यता डॉक्टरांशी बोलून तपासावी.

तिसरे पाऊल: अस्तराला इजा करणाऱ्या गोष्टी टाळाव्यात

येथे सर्वांत आधी वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख केला पाहिजे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातील गोळ्या निरोगी माणसातही लहान आतड्याची पारगम्यता वाढवतात आणि आयबीडीच्या काही रुग्णांत आजार उसळवतात. आयबीडीत सांधेदुखी वारंवार आढळत असल्यामुळे नेमक्या याच रुग्णांना अशा गोळ्यांचा मोह होतो, आणि आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यांपैकी एखादे औषध मिसळलेले असते. म्हणून पाकिटावरचे नाव न पाहता मागच्या बाजूचे घटक वाचावेत, ताप किंवा अंगदुखीसाठी साधे पॅरासिटामॉल निवडावे आणि सांधे वारंवार दुखत असतील तर ते आजाराचेच लक्षण असू शकते हे लक्षात घेऊन डॉक्टरांना कळवावे.

धूम्रपानामुळे क्रोहन्स बळावतो आणि शस्त्रक्रियेची शक्यता वाढते, म्हणून ते पूर्ण बंद करावे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हे नाते वेगळे असले, तरी सिगारेट हा कोणत्याही अर्थाने उपचार नाही. मद्यामुळेही पारगम्यता वाढते.

चौथे पाऊल: आहार आजाराच्या अवस्थेप्रमाणे ठरवावा

आहारातील तंतूंपासून जिवाणू ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशींना मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यातूनच येतो. २०१६ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, तंतू मिळेनासे झाले की काही जिवाणू श्लेष्म्याचेच आवरण खाऊ लागतात. यावरून सर्व रुग्णांनी लगेच कोंडा आणि मोड आलेली कडधान्ये भरपूर खावीत, असे मात्र नव्हे. आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाच्या डाळीचे साधे वरण, भाताची पेज, साल काढून शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा, पिकलेले केळे आणि सोसत असल्यास अंडी असा आहार ठेवावा. आजार शांत झाल्यावर ज्वारीची मऊ भाकरी, मऊ शिजवलेल्या भाज्या आणि मग थोड्या प्रमाणात उसळी असे एकेक पदार्थ वाढवत जावे. क्रोहन्समुळे आतडे कोठे अरुंद झालेले असेल तर चोथा असलेले पदार्थ अडकून आतड्याचा मार्ग बंद पडू शकतो, म्हणून अशा रुग्णांनी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय तंतू वाढवू नयेत. दूध सोसत नसेल तरी ताजे ताक आणि दही अनेकांना चालते, त्यामुळे दुग्धजन्य पदार्थ सरसकट सोडण्याचे कारण नाही.

पाकीटबंद खाद्यपदार्थ कमी करण्याला आता काही ठोस आधार आहे. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट-८० ही मिश्रणकारक रसायने दिल्यावर उंदरांमध्ये जिवाणू श्लेष्म्याच्या आतल्या थरात घुसल्याचे २०१५ साली दिसले. पुढे १६ निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या छोट्या प्रयोगात सेल्युलोजचे हे रसायन रोज १५ ग्रॅम घेतल्यावर जिवाणूंची विविधता घटली आणि ते घेणाऱ्यांपैकी दोघांमध्ये जिवाणू अस्तराच्या अधिक जवळ आले. ही मात्रा नेहमीच्या खाण्यापेक्षा फार मोठी होती, त्यामुळे एखादे आइस्क्रीम खाल्ल्याने अपराधी वाटून घेऊ नये. मात्र रोजच्या खरेदीत वेष्टनावर ४६६ आणि ४३३ हे या दोन रसायनांचे क्रमांक शोधण्याची सवय लावून घ्यावी. लहान मुलांच्या क्रोहन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त वैद्यकीय द्रव आहार देण्याची पद्धत स्टेरॉइडइतकीच परिणामकारक समजली जाते आणि त्यात अस्तर भरून येण्याचे प्रमाण चांगले असते, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावी.

पाचवे पाऊल: पूरक पदार्थ पारखून घ्यावेत

ग्लुटामाइन हे 'अस्तराचे खाद्य' म्हणून विकले जाते. दिल्लीच्या एम्समध्ये क्रोहन्सच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लुटामाइन आणि साधे व्हे प्रथिन यांची दोन महिने तुलना केली गेली, तेव्हा पारगम्यता दोन्ही गटांत सारखीच सुधारली. म्हणजे खंगलेल्या रुग्णाला पुरेसे प्रथिन मिळणे महत्त्वाचे आहे, त्यासाठी महाग डबाच हवा असे नाही. प्रोबायोटिक्सचा आधार अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मर्यादित आहे आणि क्रोहन्समध्ये त्याहून कमी. ड जीवनसत्त्वाची पातळी मात्र जरूर तपासावी आणि कमतरता भरून काढावी.

हळदीतील कर्क्युमिन रोज ३ ग्रॅम या मात्रेत मेसालामाइन या आयबीडीवरील नेहमीच्या औषधाच्या जोडीने दिल्यावर सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये उपयोगी पडल्याचे २०१५ सालच्या एका छोट्या चाचणीत दिसले. स्वयंपाकातील हळदीत ही मात्रा मिळत नाही, आणि पिपरिन हा काळ्या मिरीतील घटक मिसळलेल्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदवली गेली आहेत. गुळवेलीबाबतही सावध राहावे, कारण २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी ती घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले, आणि ज्या आजारात प्रतिकारशक्ती आधीच भडकलेली असते त्यात 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' औषध घेण्याला काही अर्थ नाही. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावे लागते. म्हणून घेत असलेली प्रत्येक पुडी, काढा आणि कॅप्सूल डॉक्टरांना दाखवावी. रागावतील या भीतीने लपवू नये, आणि डॉक्टरांनीही ते शांतपणे ऐकून घ्यावे.

नातेवाइकांनी आणि रुग्णांनी पुढे काय करावे

आई, वडील किंवा भावंडाला आयबीडी असेल तर निरोगी व्यक्तीने पारगम्यतेची चाचणी करून घेण्याची आज गरज नाही, कारण तिचा निकाल काहीही आला तरी आजार टाळण्याचे सिद्ध औषध उपलब्ध नाही. तिने तंबाखू आणि अनावश्यक वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, घरचे ताजे अन्न खावे आणि वर सांगितलेली लक्षणे दिसल्यास लवकर तपासणी करून घ्यावी. रुग्णाने पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: माझे अस्तर शेवटी कधी पाहिले गेले आणि ते किती भरले होते, पुढची कॅलप्रोटेक्टिन चाचणी केव्हा करायची, आणि सध्याचे औषध व्रण भरण्यासाठी पुरेसे आहे की फक्त लक्षणे दाबत आहे. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच होत असेल आणि त्याबरोबर ताप किंवा धडधड असेल, अथवा पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.